जानेवारीतला ग्राउंडहॉग

मर्ल होस्टेटरच्या दुकानात काडतुसं घ्यायला कुणीही आलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय मारायचंय?" त्यात चौकशीचा वाससुद्धा नव्हता. कुठे लोक 'जेवलास का' विचारतात, कुठे 'पाऊसपाणी काय म्हणतंय' विचारतात, पेनसिल्वेनियाच्या डोंगरातल्या हार्मर्स गॅप गावात 'काय मारायचंय' विचारतात. समोरचा म्हणायचा हरीण, म्हणायचा टर्की, आणि गेल्या साली निसटलेल्या हरणाची शिंगं हात पसरून एवढी मोठी दाखवायचा की ती दुकानाच्या दारातून आत आली नसती. मर्ल सगळं ऐकून घ्यायचा, खोकी पिशवीत भरायचा आणि संध्याकाळी त्या थापा गावाला वाटायचा. काडतुसांवर पोट भरायचं, थापांवर मन भरायचं.

या सवयीनेच त्याचा घात केला. जानेवारीच्या सुरुवातीला, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, शेजारच्या परगण्यातला एक माणूस दुकानात आला. वय पंचविशीचं असेल. त्याने रायफलीच्या काडतुसांची दहा खोकी मागितली. मर्लने विचारलं, काय मारायचंय. तो म्हणाला, "ग्राउंडहॉग."

आता ग्राउंडहॉग म्हणजे घुशीचा खात्यापित्या घरचा मामेभाऊ. उन्हाळ्यात शेतं पोखरतो, शेतकऱ्यांच्या शिव्या खातो आणि गोळ्याही खातो. पण थंडी पडली की बिळात शिरतो आणि हिवाळाभर ढाराढूर झोपतो. ही गोष्ट त्या राज्यात पाळण्यातल्या पोराला ठाऊक असते. भर जानेवारीत दहा खोकी घेऊन ग्राउंडहॉग मारायला निघालेला माणूस एक तर येडा असला पाहिजे, नाही तर खोटारडा. त्या माणसाची नजर काउंटरवर नव्हती, मर्लवर नव्हती, कुठेच नव्हती. हा माणूस ग्राउंडहॉग मारायला निघालेला नाही, हे मर्लला कळलं. पण कळलेलं त्याने पोटातच ठेवलं आणि तो हसला. "आधी उठवणार की झोपेतच मारणार?" असं काहीतरी म्हणाला आणि दहाही खोकी पिशवीत भरली. शिकार चांगली होवो, अशी वर शुभेच्छाही दिली. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, हे त्याच्या बापाने शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या बारमध्ये त्याने हा किस्सा मीठमसाला लावून सांगितला. सगळे हसले. सगळ्यात जास्त हसला एमिल हुडाक. एमिल हा मर्लचा तीस वर्षांचा शिकारीचा सोबती. मर्लची बायको वारल्यापासून दर रविवारी एमिलच्या घरून त्याच्यासाठी हलुपकीचं भांडं यायचं. हलुपकी म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात. ती एमिलच्या बायकोने, वांडाने करावी आणि मर्लने खावी, असा रिवाजच पडला होता.

आठवड्याने तो माणूस गावच्या बोलिंगच्या हॉलमध्ये शिरला आणि त्याने नऊ माणसं मारली. त्यांत एमिल होता.

शेवटची गोळी त्याने स्वतःला घालून घेतली आणि गावाची मोठीच पंचाईत करून ठेवली. मेलेल्याला फासावर चढवता येत नाही, कोर्टात खेचता येत नाही, रस्त्यात गाठून चार शब्द सुनावता येत नाहीत. राग तर डोंगराएवढा, तो काढायचा कुणावर? मग वड्याचं तेल वांग्यावर काढायला मर्ल होस्टेटर सापडला. वांगंही अगदीच निष्पाप नव्हतं, पण ते एकट्या वांग्याला माहीत होतं.

पोलीस आले, केंद्र सरकारची माणसं आली, पावत्या तपासल्या, कॅमेऱ्यातली चित्रफीत पाहिली. चित्रफितीत आवाज नव्हता. दोन माणसं दिसतात, एक पिशवी दिसते, आणि मर्ल हसताना दिसतो. ते हसू त्याच रात्री बातम्यांत झळकलं. कायदा मात्र कुठेच मोडला नव्हता, कारण मोडायला मुळात कायदा पाहिजे. रायफल घ्यायची तर अर्ज भरा, सही करा, सरकारकडून होकार येईपर्यंत थांबा. काडतुसांना तसलं काही नाही. वय भरलं की पैसे टाका आणि घेऊन जा. बिनगोळीच्या रायफलीने माणूस मरत नाही, म्हणून बहुधा तिच्यावर इतकी नजर ठेवतात.

गावाने मर्लशी बोलणं टाकलं. जिथे तो वर्षानुवर्षं न्याहारीला जायचा त्या हॉटेलात त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मेणबत्त्या घेऊन सगळा गाव बोलिंग हॉलपासून चर्चपर्यंत चालत गेला, आणि मर्लच्या दुकानासमोर मुद्दाम थांबून त्याने मिनिटभर मौन पाळलं. मौन मेलेल्यांसाठी होतं की मर्लसाठी, हे कुणी सांगितलं नाही. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी अफवा सोडली, की आता सरकार काडतुसांवर बंदी आणणार. झालं. ज्या हातांत रविवारी मेणबत्ती होती ते हात सोमवारी मर्लच्या मागच्या दारावर टकटक करू लागले. पुढच्या दाराने यायची लाज वाटत होती ना. आत येऊन खाली मान घालून मागायचे, मर्लच्या डोळ्यांत न बघता उचलायचे आणि जाताना तुझ्यासारख्यांमुळेच हे होतं, असंही ऐकवून जायचे. मर्लच्या उभ्या हयातीत एवढा माल कधी खपला नव्हता. एकटाच मागच्या खोलीत बसून त्याने ते सगळं मोजलं आणि त्याला ओकारी आली. बाकी गावाला काही आलं नाही.

मग खटला आला. मेलेल्यांच्या घरच्यांनी मिळून मर्लवर दावा लावला, आणि त्यावर वांडा हुडाकचीही सही होती. मर्लच्या विमा कंपनीने गोळीबारानंतर लगेच नेमून ठेवलेला लँग नावाचा वकील आता पिट्सबर्गहून आला. पांढरे दात, पांढरा शर्ट आणि बोलण्यात तूप. लँगने त्याला कायदा अगदी लहान मुलाला समजवावा तसा समजावला. या देशात काडतुसं विकणाऱ्याला सहजासहजी हात लावता येत नाही. समोरचा ती कशाला नेतोय हे विकणाऱ्याला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, एवढं सिद्ध झालं तरच तो अडकतो. तेव्हा शहाण्या दुकानदाराने काय करावं? काही माहीत करून घेऊ नये.

"मिस्टर होस्टेटर, पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी शपथेवर जबाब आहे," लँग म्हणाला. "तीन वाक्यं पाठ करा. मी काही विचारलं नाही. तो काही बोलला नाही. मला काही संशय आला नाही. चौथं वाक्य बोलायचं नाही."

"आणि सॉरी?"

"सॉरी तर मुळीच नाही. सॉरी म्हणजे कबुली."

मर्लने एमिलच्या अंत्ययात्रेला जावं की नाही, हेही लँगनेच फोनवरून ठरवलं होतं. गेलात तर अपराधी वाटतंय असं दिसेल, न गेलात तर निर्दय दिसाल, त्यापेक्षा आजारी पडा. मर्ल आजारी पडला. तीस वर्षं ज्याच्या मांडीला मांडी लावून पहाटेच्या थंडीत हरणांची वाट बघितली, त्याला मातीत घालताना मर्ल होस्टेटर घरात ड्रेसिंग गाऊन घालून बसला होता. स्वयंपाकघरात वांडाचं हलुपकीचं भांडं घासूनपुसून ठेवलेलं होतं. ते परत करायची त्याची छाती झाली नाही. भांडं परत द्यायचं म्हणजे दारात उभं राहायचं, दारात उभं राहायचं म्हणजे काहीतरी बोलायचं, आणि जे बोलायचं होतं ते चौथ्या वाक्यात येत होतं.

लँगने आणखी एक काम केलं. दुकानात काउंटरच्या मागे एक पाटी लावायला लावली. 'ग्राहकांनी आपण काय मारणार आहोत हे दुकानदारास सांगू नये.' मर्लने ती वाचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच दुकानात परका असल्यासारखं वाटलं.

एवढं करून झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली होती. बारमधल्या त्या संध्याकाळबद्दल कुणीच बोलत नव्हतं. तेव्हा हसलेले आठ-दहा जण होते, पण आता विचाराल तर त्यांच्यातला एकही त्या दिवशी बारमध्ये गेलेला नव्हता. गावात अचानक इतके निर्व्यसनी लोक निघाले. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, हिवाळा अजून किती उरलाय हे ग्राउंडहॉगच्या सावलीवरून सांगायच्या रिवाजाप्रमाणे, उंच टोप्या घातलेल्या लोकांनी टीव्हीवर त्या प्राण्याला बिळातून ओढून काढलं, सावली दिसली की नाही ते विचारलं, आणि हॉटेलातल्या सगळ्या माना टीव्हीवरून हळूच मर्लकडे वळल्या आणि पटकन अंड्यांकडे परत गेल्या. मर्लने अर्धी न्याहारी तशीच टाकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही, पण इथे तर गावभर चांदणं पडलं होतं.

अशात एके दिवशी अग्निशमन दलाचा प्रमुख रे डिबर्ट दुकानात आला. पुढच्या दाराने आला, याचंच मर्लला अप्रूप वाटलं.

"मर्ल्या, मेलेल्यांच्या घरच्यांसाठी निधी गोळा करतोय," रे म्हणाला. "तुझी मदत पाहिजे."

मर्लला भरून आलं. तो म्हणाला, काय पाहिजे ते सांग. रे म्हणाला, सात रायफली पाहिजेत, पडत्या भावात, सोडतीसाठी. काडतुसं तुझ्यातर्फे भेट.

हार्मर्स गॅपमध्ये निधी म्हणजे बंदुकांची सोडत, हे त्यालाही मान्य होतं. चर्चचं छप्पर गळलं, बंदुकांची सोडत. कुणाची किडनी गेली, बंदुकांची सोडत. नवा बंब आला तो सोडतीवरच. हॉलमध्ये तिकिटं विकायची, हॅम आणि बटाटे खायला घालायचे, पिंप फिरवून नंबर काढायचे. गावाला दानधर्माची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. तरी मर्लने चाचरत विचारलं, की रे, गोळ्या लागून मेलेल्यांसाठी बंदुका वाटायच्या, हे बरं दिसेल का?

"मग काय वाटू, विणलेले पायमोजे?" रे म्हणाला. "पायमोज्यांची तिकिटं कोण घेणार? बंब काय पायमोज्यांवर आला?"

बंब खरंच पायमोज्यांवर आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्याकडे काहीतरी मागतंय, याचंच त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने रायफली फुकटच देऊन टाकल्या. जाताना रेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, घाबरू नकोस, आम्ही कुणी काही ऐकलेलं नाही. गावाने मर्लशी बोलणं टाकलं होतं खरं, पण मर्लबद्दल न बोलण्याचीही शपथ घेतली होती. त्या हसण्यात सगळ्यांचाच वाटा होता ना.

सोडतीच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. भिंतीवर नऊ फोटो, फोटोंखाली टेबल, टेबलावर सात रायफली. एमिल हुडाक फोटोतून बरोबर तिसऱ्या रायफलीकडे बघत होता. प्रत्येक घरच्यांना मान म्हणून रेने एकेक तिकीट फुकट दिलं होतं. कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही. हॅमची मात्र चर्चा झाली, जरा खारट होता म्हणून. मर्ल दाराजवळ, खुंट्यांवरच्या कोटांआड उभा होता.

तिसऱ्या रायफलीचा नंबर निघाला. रेने तो माईकवर वाचला, परत वाचला, आणि पुढच्या रांगेतून वांडा हुडाक उठली.

मग कुणीतरी सवयीने टाळी वाजवली, आणि एकाने वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. नवरा गोळीने गेलेल्या बाईला रायफल लागली म्हणून अख्ख्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तो सुरू झाल्यावर थांबवायचा कसा हे कुणालाच कळेना. वांडा काळ्या कोटात तशीच उभी होती. टाळ्या संपल्यावर तिने विचारलं, ही न्यायची कुठून? रे माईकवरच बोलून गेला, "नेहमीसारखंच. मर्लकडे जाऊन अर्ज भरायचा."

आपण काय बोललो हे त्याला वाक्य संपल्यावर कळलं. कोटांआडचा मर्ल तोवर बाहेर पडला होता.

बुधवारी सकाळी ती आली. पुढच्या दाराने. बाहेर बर्फ तसंच होतं. मर्लने तिला महिन्याभरात जवळून पाहिलं नव्हतं. ती बारीक झाली होती आणि एमिलची शिकारीची टोपी घालून आली होती. मर्लने अर्ज पुढे केला. तिने पेन घेतलं आणि एकेक ओळ सावकाश भरत गेली. तुमच्यावर गुन्हा आहे का, नाही. तुम्ही वेडसर आहात का, नाही. मर्ल मनातल्या मनात तीन वाक्यं घोकत होता. त्याने सरकारला फोन लावला, सरकारने वांडा हुडाक चांगल्या वर्तनाची बाई असल्याचं कळवलं, आणि मर्लने रायफल काउंटरवर ठेवली. वांडाने रायफलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने भिंतीवरची ती पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"हिची काडतुसं दे," ती म्हणाली. "दहा खोकी."

मर्ल फळीकडे वळला. चाळीस वर्षांची सवय ती, पाटीला आणि वकिलाला थोडीच जुमानते? हात खोक्यांवर पडता पडता त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय मारायचंय?"

"ग्राउंडहॉग," वांडा म्हणाली.

मर्लचा हात तिथेच थांबला. त्याची तिच्याकडे वळायची हिंमत होईना.

तीच पुढे बोलू लागली, आवाज न चढवता. त्या रात्री एमिल बारमधून घरी आला तो हसतच आला. बूट काढताना सांगत होता, मर्लकडे आज एक येडा आला होता, जानेवारीत ग्राउंडहॉग मारायला निघालाय. ती पीठ मळत होती, तीही हसली होती. हे तिने आपल्या वकिलाला सांगितलं. वकील म्हणाला, मेलेल्या नवऱ्याच्या तोंडचं बायकोने सांगितलेलं कोर्टात टिकत नाही, बारमधलं कुणी असेल तर बघा. मग ती रेकडे गेली. रेला आठवत नव्हतं. आणखी चौघांकडे गेली. त्यांनाही आठवत नव्हतं, पण तिघांनी तिला केक दिला.

"म्हणजे आता ती गोष्ट ऐकलेले आपण दोघंच उरलो," ती म्हणाली. "दे की रे. थांबलास कशाला? त्याला तर हसत हसत दिलीस."

"वांडा, आत्ता ते झोपलेले असतात."

"बरं. मग?"

मर्ल वळला. तिचे डोळे कोरडे होते, आणि ती त्याच्याकडे तशीच बघत होती जशी रविवारी भांडं हातात देताना बघायची, नीट खाल्लंस ना, असं विचारत. दुकान, विमा, लँगचे पांढरे दात, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"मग नाही देत," तो म्हणाला. "तुला मी काडतुसं नाही देणार."

वांडाने मान हलवली.

"बघ," ती म्हणाली. "येतं की 'नाही' म्हणता. जीभ झडली नाही तुझी."

तिने रायफल तशीच काउंटरवर सोडली. दारापर्यंत गेली, थांबली, आणि म्हणाली, माझं भांडं दे. मर्ल मागच्या खोलीतून वर घरात गेला आणि भांडं घेऊन आला. त्याला रिकामं भांडं द्यायला लाज वाटली, पण त्यात घालावं असं त्याच्याजवळ काही नव्हतं. तिने ते काखेत धरलं. शुक्रवारी जबाबाला मी समोरच्याच खुर्चीत बसणार आहे, एवढं सांगून ती बर्फातून चालती झाली.

मर्लने रायफल उचलून फळीवर ठेवली. मग फोन वाजला. लँग होता, उजळणी घ्यायला. त्याचा आवाज नेहमीसारखा प्रसन्न होता. आपण एकदा सगळं म्हणून बघू, म्हणाला, मी समोरचा वकील आहे असं समजा. तर मिस्टर होस्टेटर, त्या दिवशी तो ग्राहक तुम्हाला काय म्हणाला?

"ग्राउंडहॉग म्हणाला," मर्ल म्हणाला. "जानेवारीत. आणि मला कळलं होतं."

तिकडे खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग लँगने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "हे अजून कुणी ऐकलंय?"

"मी," मर्ल म्हणाला. "मी ऐकलंय."